कालचा भात

राधाबाईंनी ताट पुढे सरकवलं. जोरात नाही, बोटांच्या टोकांनी. पितळेची कड फरशीवर किंचित करकरली आणि थांबली.

"मले नको हे," त्या म्हणाल्या. "मले ताजं दे."

शरयूला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. बाहेर नळावर शेजारच्या सत्यवतीदीदी चादर आपटत होत्या, त्या आवाजात सासूचे शब्द अर्धे बुडाले असतील. ताटात फोडणीचा भात होता. आदल्या रात्री उरलेला, सकाळी हातानं मोकळा करून कांदा, लाल मिरची आणि मूठभर शेंगदाण्यांवर परतलेला. कंट्रोलच्या दुकानातला तो तांबूस तुकडा तांदूळ शिजला की गोळाच होतो, पण रात्रभर उघडा राहिला आणि सकाळी गरम तेलात पडला की दाणा न् दाणा सुटा होतो. हे तिला राधाबाईंनीच शिकवलं होतं. रोजच्यासारखी दोन ताटं तिनं घेतली होती, रोजच्यासारखी समोरासमोर मांडली होती.

"बरं नाही का वाटत, आई?"

"बरं आहे. शिळं नको."

शरयू उठली. चूल विझत आली होती. तिनं निखारे पुढे ओढले, फुंकर घातली, ज्वारीचं पीठ काढून एक भाकर थापली. राधाबाई भिंतीला टेकून वाट पाहत बसल्या, कपाळ कोरं, हात मांडीवर, एखाद्या पाहुण्या बाईसारख्या. भाकर फुगली. ती ताटात पडताच त्यांनी मधोमध मोडली, वाफ जाऊ दिली आणि तिखट-तेलाशी, मान खाली घालून, सगळी खाल्ली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून नेहमीसारखा "अगं आई गं" म्हटलं, एवढंच. मग शरयूनं दोन्ही ताटांतला भात एका ताटात ओढला आणि एकटीनं खाल्ला. गार झाला होता. भूक आहे की नाही याचा तिनं विचार केला नाही. तो संपायचा होता.

मामंजींची तेरवी होऊन फार दिवस झाले नव्हते. पाहुणे परवा-परवापर्यंत होते. अमरावतीकडचे दीर-जावा, नागपूरची नणंद. ते गेले आणि खमरियाच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकदम इतकी जागा झाली की शरयूला कुठं उभं राहावं कळेना. जगभरची लढाई सुरू होऊन चार-पाच वर्षं होत आली होती. अच्युतचा, तिच्या नवऱ्याचा, दारूगोळ्याचा कारखाना लढाईसाठीच उभा राहिलेला. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग फाटकाकडे जायची आणि संध्याकाळी दमून परत यायची, आणि मधल्या वेळात सगळी वसाहत बायकांची असायची. अशा दुपारी कोणाला काही होत नाही. नळ येतो, जातो. कोणाच्या तरी अंगणात मिरच्या वाळत असतात. शरयूनं भांडी घासायला घेतली आणि राख हातात घेऊनच बसून राहिली. आपल्याला एवढं काय लागलं, हेच तिला सापडेना. म्हातारी बाई. नवरा गेला. एक भाकर मागितली. मागू नये का? पण ताट सरकवण्याची ती रीत तिच्या ओळखीची होती. बोटांच्या टोकांनी, कडेला धरून, वीतभर पुढे. मामंजी सरकवायचे तशी.

भाऊराव, तिचे सासरे, शिळं खात नसत. पान समोर आलं की आधी किंचित वाकायचे, वास घ्यायचे, आणि भात कालचा असला तर ओरडायचे नाहीत, नुसतं ताट सरकवायचे. मग घरात सगळं थांबायचं. आणि तेच भाऊराव मोरीच्या जाळीवर चार शितं दिसली तर राधाबाईंना हाक मारून बाहेर बोलवायचे आणि बोटानं दाखवायचे. राधाबाई वाकून ती शितं वेचायच्या. अन्न टाकायचं नाही, आणि शिळं पुरुषांच्या पानात वाढायचं नाही: या दोन गोष्टींच्या मध्ये जी जागा उरते तिथं या घरातल्या बायका जेवत आल्या होत्या. शरयूला मामंजींचा राग कधी धड धरता आला नाही. कारण एकदा, फक्त एकदाच, तापात पडलेले असताना त्यांनी संवत छप्पन्नच्या, त्यांच्या लहानपणच्या दुष्काळाचं सांगितलं होतं. वऱ्हाडात गावं ओस पडली होती. ते लहान होते, त्यांचा धाकटा भाऊ त्याहून लहान. सरकारी लंगरात आंबलेली कांजी मिळायची, तीही संपायची. भाऊ रांगेतच निजला आणि उठला नाही. "त्या कांजीचा वास," ते म्हणाले होते, "अजून नाकात आहे." मग भिंतीकडे वळले होते. त्यानंतर त्यांनी ताट सरकवलं की शरयूला त्या रांगेतलं एक पोर दिसायचं, आणि तिच्या रागाला धार यायच्या आत तो बोथट व्हायचा. माणसाला समजून घेतलं की आपलंच काम वाढतं, असं तिला तेव्हाही वाटून गेलं होतं.

संध्याकाळी अच्युत आला. त्यानं सायकल व्हरांड्यात टेकवली, पाय धुतले. तो वाईट माणूस नव्हता. दमलेला असायचा, आणि दमलेल्या माणसाला असतो तेवढाच त्याला घरात रस असायचा. ती चहा देताना म्हणाली, "आईंनी आज फोडणीचा भात खाल्ला नाही. ताजं मागितलं."

"अच्छा? मग दे ना ताजं. त्यात काय?"

"देते ना. दिलं."

"मग झालं तर."

"उरलेलं राहते ना पण."

"राहू दे." त्यानं बशीत चहा ओतला. "जे रोज खाते, ते खाईल."

त्यानं हे इतक्या सहज म्हटलं की ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं? गाय? कोणी भिकारी? कदाचित कोणीच नव्हतं. त्याच्या मनात उरलेलं अन्न रात्री एका भांड्यात जात असेल आणि सकाळी ते भांडं रिकामं असेल. जसा ओसरीवर टाकलेला सदरा तिसऱ्या दिवशी धुतलेला सापडतो. 'रोज कोण खाते, तुम्हाला ठाऊक आहे का?' हा प्रश्न तिच्या तोंडात तयार होता. पण विचारलं असतं तर उत्तरही तिलाच द्यावं लागलं असतं. तिनं बशी उचलली.

दुसऱ्या दिवशीही राधाबाईंनी ताजं मागितलं. तिसऱ्या दिवशी मागायची गरज उरली नाही. शरयू दुपारी त्यांच्यापुरती भाकर करायची, त्या जेवायच्या आणि व्हरांड्यातल्या उन्हात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायच्या. ती चुलीशी एकटी बसायची. आता कालचं सगळं तिचं होतं. कालचं वरण, त्यात पीठ भिजवून लावलेली धिरडी. परवाच्या पोळ्यांचा कुस्करा. आंबट झालेल्या ताकाची कढी, जी काल थोडी उरली म्हणून आज भाकरीशी, आणि आज भाकर उरली म्हणून उद्या कढीत. तिनं कमी रांधून पाहिलं. माप लावून, मूठ अर्धी करून. मग एके रात्री अच्युतनं भात मागितला आणि पातेलं खडखडलं. तो नुसतं पाणी पिऊन उठला, पण तिला रात्रभर अपराध्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मूठ आपोआप मोठी झाली. उरण्याएवढं केल्याशिवाय पुरलं असं वाटतच नाही. पोटात दुपारभर जळजळ राहू लागली. ती ओवा चघळायची, आडवी व्हायची, झोप यायची नाही. डोळे मिटले की पातेली दिसायची, त्यांच्या तळाशी काही ना काही चिकटलेलं.

पण जळजळीचं एवढं काही नव्हतं. दुसरंच काही तरी गेलं होतं, आणि ते असं होतं की कोणापुढे त्याचं नाव घेतलं तर हसू झालं असतं. लग्न होऊन ती आली तेव्हा हे लोक शहरात, गढा फाटकाजवळच्या भाड्याच्या घरात राहत होते. ती सोळा-सतरा वर्षांची. पहिल्या दुपारी पुरुष जेवून गेले, राधाबाईंनी दार लोटलं आणि जाळीच्या कपाटातून एक झाकलेलं भांडं काढलं. "ये पोरी, आता आपलं," त्या म्हणाल्या. लग्नातल्या वड्यांचा चुरा होता. त्यांनी त्यावर लसणाची फोडणी ओतली, वरून दही घातलं, कोथिंबीर चिरली. शरयूनं असलं काही आयुष्यात खाल्लं नव्हतं. ते शिळं आहे हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तिला वाटलं, मला काही तरी चोरून, खास, देताहेत. पुढे लक्षात आलं, तरी ते वाटणं गेलं नाही. ती दुपार त्या दोघींची होती. राधाबाईंचं बोलणं तेव्हाच फुटायचं. पुरुषांपुढे हूं की चूं न करणारी ही बाई फोडणी तडतडली की नकला करायची, शेजारणींच्या, खुद्द मामंजींच्या. अच्युत रविवारी सदर बाजारातून जिलब्या आणायचा, गरम असतानाच खायच्या म्हणून बापलेक आल्या आल्या खायचे, आणि सोमवारी त्या कडक झालेल्या जिलब्या दुधात बुडवून या दोघी. राधाबाई पाक चाटत म्हणायच्या, "गरम काय, कोणीही खाईल." आणि शरयू हसायची. माहेरची आठवण तिला ज्या ज्या वेळी सगळ्यात कमी आली, त्या वेळा याच होत्या.

आणि ती पोटुशी राहिली तेव्हा. तेव्हा राधाबाईंनी एक शब्द न बोलता दोघींचं शिळं आपल्या ताटात घेतलं आणि हिला रोज दुपारी ताजी पोळी लाटून घातली. मामंजींना कळू न देता. इतके महिने. मूल मेलेलंच जन्माला आलं. मुलगी होती. काही आठवडे राधाबाईंनी तसंच चालवलं. गरम भात, वरून तूप, कोणाच्या तरी वाटणीचं वाचवलेलं. मग एका दुपारी दोन ताटं समोरासमोर मांडली गेली आणि त्यांत कालच्या पोळीचा कुस्करा होता. राधाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. शरयूनं पहिला घास घेतला आणि तिला कळलं की आपण आता बाळंतीण नाही. त्या घासानंतर ती रडली नाही. उलट तिला हलकं वाटलं होतं, परत ओळीत येऊन बसल्यासारखं. ज्या कोणी हे घर चालवतात त्यांत मी आहे, आणि माझ्यासमोर ही आहे.

म्हणजे राधाबाईंनी ताट सरकवलं तेव्हा भात सरकला नव्हता.

हे तिच्या मनात ज्या दिवशी स्पष्ट झालं त्या दिवशी ती तडक व्हरांड्यात गेली. थंडी संपत आली होती, ऊन पातळ होतं. राधाबाई पडल्या होत्या पण जाग्या होत्या. पायाचा अंगठा हलत होता.

"आई, माझ्यावर राग आहे का?"

"काहून? तुह्यावर काहून राग धरीन मी?"

"मग माझ्याबरोबर जेवत का नाही?"

"जेवतो ना रोज."

"तसं नाही. आधीसारखं. आपण बसत होतो, तुम्ही किती हसवत होत्या. तुम्हाला एवढं आवडत होतं ते…"

राधाबाई उठून बसल्या. त्यांनी पदर सारखा केला. कितीतरी दिवसांनी त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, आश्चर्य होतं.

"आवडत होतं? तुले वाटलं मले आवडते?" त्या म्हणाल्या. "एक दिवस नाही आवडलं, पोरी. एक घास नाही. तू नवी आली होती, रडशील, माहेरी सांगशील, म्हणून मी नकला करो. तिखट-मीठ जास्त टाको. मह्या सासूनं मले दिलं तवा ती बोलतही नव्हती. मी म्हटलं, आपण बोलत जाऊ, गिळलं तरी जाईल." मग थोडं थांबून, "ते होते तोवर केलं. आता नाही होत. गळ्याखाली उतरत नाही. खोटं काहून बोलू?"

समोर सत्यवतीदीदींच्या दोरीवर चादर वाळत होती, वाऱ्यानं तिचं पोट फुगत होतं आणि बसत होतं. शरयूला वाटलं, एवढ्या सगळ्या दुपारी कोणीतरी उचलून उन्हात ठेवल्या आणि त्या पांढऱ्या पडल्या. कोणती नक्कल खरी होती? त्या जिलबीचा पाक चाटायच्या, तेव्हा जीभ खोटी होती? आणि आपल्याला तर आवडलं होतं. आपण तर खरंच हसलो होतो. म्हणजे त्या घरात एकच जण फसलेली होती आणि तिच्यासाठीच सगळा खेळ होता. तिला आत कुठंतरी सासूची दयाही आली. एवढी वर्षं नको असलेला घास चावताना दुसरीला हसवायचं, हे किती दमवणारं असेल. पण दया करायलाही अंगात काही लागतं. तिला नुसतं बसावंसं वाटत होतं, आणि आत कढी आंबत होती.

त्यानंतर ती खात राहिली, पण हात जड झाला. पूर्वी ती फोडणी घालायची, कांदा चिरायची. आता नुसतं गार पातेलं पुढ्यात घ्यायची आणि चमच्यानं संपवायची. सत्यवतीदीदी एकदा पीठ मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अरी शरयू, ये क्या खा रही है? फेंक दे ना. बीमार पड़ेगी." ती म्हणाली, "फेंकते नहीं दीदी, हमारे यहाँ." त्यांनी कपाळावर हात मारला आणि गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी अच्युतनं बंगालबद्दल सांगितलं. त्यांच्या सेक्शनमध्ये तिकडून आलेला एक जण होता, मागच्या साली त्याच्या गावात माणसं भाताची नुसती पेज मागत दारोदार फिरली. भात नाही, पेज. अच्युत सांगताना खाली बघत होता. "आपण सुखी आहोत, शरयू," तो म्हणाला. "खरंच. काही टाकत जाऊ नको." ती हो म्हणाली. त्याच्या ताटात कोपऱ्यात अर्धी पोळी राहिली होती. तो उठला, हात धुवायला गेला.

मग तो शनिवार आला. आदल्या दिवशी अच्युतचा एक मित्र जेवायला येणार होता आणि आला नाही. भात खूप उरला होता. अच्युतला, राधाबाईंना आणि तिला मिळून पुरला असता एवढा. सकाळी झाकण काढताच तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीचं. तिनं विचार केलाच नाही. पातेलं उचललं, मागचं दार उघडलं आणि वसाहतीच्या कडेला जिथं घाण टाकतात त्या खड्ड्याकडे चालू लागली. ऊन डोळ्यांवर होतं. चालताना तिला फार मोकळं वाटत होतं, जसं तापात उठून चालताना वाटतं. खड्ड्याशी पोचल्यावर तिनं पातेलं तिरपं केलं. भाताचा गोळा काठापर्यंत घसरत आला.

"शरयू!"

राधाबाई मागून येत होत्या. अनवाणी, एका हातानं नेसूचा घोळ धरून. तेरवीनंतर त्यांनी व्हरांड्याच्या पायरीखाली पाऊल टाकलं नव्हतं. धापा टाकत त्या जवळ आल्या आणि त्यांनी पातेल्याला हात घातला. दोघी क्षणभर ते दोन बाजूंनी धरून उभ्या राहिल्या.

"टाकतं काय? वेडी झाली का तू? अन्न आहे ते!"

"मग खायचं कोणी?" शरयू म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. राधाबाईंचे हात पातेल्यावर तसेच होते. बोटांची नखं राखेनं झिजलेली, पांढरी. त्या भाताकडे बघत राहिल्या, मग सुनेच्या तोंडाकडे. शरयूला वाटलं आता त्या म्हणतील, तू खा. किंवा म्हणतील, दे, मीच खातो. यांतलं काहीही त्या म्हणाल्या असत्या तर तिनं मुकाट्यानं मान डोलावली असती, इतकी ती थकली होती.

"मले खरंच नाही जात," राधाबाई हळूच म्हणाल्या. "आणि तुलेही नाही जात."

"नाही."

"बरं." त्यांनी पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं. "चाल घरी. उघड्यावर नको ठेवू, मी पाणी घालून ठेवतो. उद्याले पाहू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि अच्युतला सुट्टी मिळाली होती. तो न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून, स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसला. राधाबाई चुलीपुढे होत्या. "आज मी करतो, तू बस," त्या शरयूला म्हणाल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी चुलीला हात लावला नव्हता. त्यांनी भातातलं पाणी निथळून काढलं, भात मोकळा केला, वास घेतला. चांगला होता, किंचित आंबूस. तेलात मोहरी टाकली, लसूण टाकला, सगळं जसं नेहमी करत तसं. फक्त बोलत नव्हत्या. मग त्यांनी तो सगळाच्या सगळा भात एका ताटात वाढला आणि ताट मुलाच्या पुढे ठेवलं. पोळी नाही. भाजी नाही. एक कांदा फोडून बाजूला.

अच्युतनं ताटाकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"भात आहे. परवाचा."

"परवाचा?" तो हसला, काही तरी गंमत असेल म्हणून. मग हसू राहिलं तिथंच राहिलं. "मला?"

"तुले."

तो एकच शब्द होता, मला, पण शरयू भिंतीशी उभी होती आणि तिला तो अंगावर काटा यावा तसा ऐकू आला. त्यात उर्मटपणा नव्हता. नुसतं न समजणं होतं, इतकं स्वच्छ, की त्याचं तोंड एकदम लहान मुलासारखं दिसलं. त्यानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"घरात तांदूळ संपले का? सांगायचं ना मला."

"आहेत."

"मग?"

"हेही आहे," राधाबाई म्हणाल्या. "हे रोज राहते. मी खाल्लं, तुह्या आजीनं खाल्लं. ही आली तवापासून हिनं खाल्लं. आता आमच्यानं होत नाही. तू खा."

"बाबा असते तर…"

"ते नाहीत."

बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. अच्युतच्या कानाची पाळी लाल झाली होती. तो उठून जाईल असं शरयूला वाटलं. ताट सरकवील, सदरा चढवील, सदरला जाऊन खाऊन येईल. हात पुढे गेला, ताटाच्या कडेशी थांबला. मग त्यानं भातात बोटं घातली.

पहिले घास तो भराभर खात होता, एकदा संपवून टाकावं तसे. मग वेग गेला. भात खूप होता. त्याचा जबडा हळू हळू हलू लागला, नजर समोरच्या भिंतीवर एका जागी लागली, आणि शरयूनं पाहिलं की हे तोंड तिच्या ओळखीचं आहे. असंच चावताना तिनं राधाबाईंना पाहिलं होतं, नकला संपल्यावरच्या गप्प क्षणी. असंच तिचं स्वतःचं असणार; स्वतःचं तोंड जेवताना कोणाला दिसत नाही. त्याला या खाण्याची सवय नव्हती. मध्येच त्यानं पाणी घेतलं, कांदा चावला, परत खाली पाहिलं. अर्ध्याहून थोडं जास्त झालं होतं. तो थांबला.

"बस झालं, आई. नाही जात."

राधाबाई त्याच्यासमोर बसल्या होत्या, हात मांडीवर. "टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. रागानं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या.

अच्युतनं मान वर करून शरयूकडे पाहिलं. त्यानं काही मागितलं नाही, तरी त्या नजरेत मागणं होतंच. इतकी वर्षं न मागता जे होत आलं त्याचं. तिचं अंग पुढे झुकलं. 'द्या इकडे, मी संपवते.' शब्द ओठांशी आले होते, हात अर्धा उचललाही गेला होता. त्याला सवय होती, त्या हाताला. तिला त्याची दया येत होती, फार येत होती. तिनं हात पाठीमागे नेला आणि भिंतीवर टेकवला. भिंत गार होती.

मग त्यानं पुन्हा ताटाकडे पाहिलं, भाताचा एक घास गोळा केला, थांबला, आणि तोंडात घातला. शरयू बघत राहिली. तो चावत होता. पाय दुखत होते म्हणून ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली, आणि त्याचं होईपर्यंत तशीच बसून राहिली.